झिजेचे दप्तर

माझ्या घरामागील पडवीत जे मिलिंग मशीन गेली काही वर्षे उभे आहे, त्याच्या बिडाच्या स्तंभावर पांढऱ्या, तांबड्या आणि पिवळ्या अशा तीन रंगांत तीन निरनिराळे क्रमांक घातलेले आहेत. आणि ज्या अर्थी एकाच धन्याने एकाच यंत्राला तीनदा क्रमांक घालण्याचे प्रयोजन नाही, त्या अर्थी माझ्यापूर्वी तीन धन्यांच्या दप्तरी त्याची नोंद झालेली असावी, असे मी मानतो. ती दप्तरे आता कोठे असतील ती असोत. मला वाचता येते ते यंत्राच्या अंगावरचे दप्तर, म्हणजे त्याची झीज. आणि जुन्या यंत्रांच्या व्यापारात शिरलेल्या मनुष्यास पहिल्याने शिकावी लागते ती हीच लिपी.

लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगमध्ये दातेरी कटर फिरतो आणि मेजावर जखडलेले काम त्याच्याखालून सरकते. एवढ्या साध्या विपर्यासाने कानस आणि छिन्नी यांचे कित्येक शतकांचे राज्य हळूहळू संपुष्टात आले. या यंत्राचे जनकत्व दीर्घकाळ एली व्हिटनी यांस दिले जात असे. पुढील संशोधकांनी तो दावा अग्राह्य ठरविला, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू इंग्लंडमधील बंदुकांच्या कारखान्यांत त्याची वाढ झाली, याविषयी मतभेद नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा प्रॉव्हिडन्स येथे बंदुकीच्या निपलला भोके पाडण्यासाठी जी पिळाची ड्रिले लागत, त्यांच्या पन्हळी कारागीर गोल कानशीने एकेक करून घासून काढीत असत. हा कालापव्यय टाळण्याचा उपाय विचारला गेला असता ब्राउन अँड शार्प या पेढीच्या जोसेफ ब्राउन यांनी 1862 साली युनिव्हर्सल मिलिंग मशीन सिद्ध केले, आणि पन्हळीसाठी निर्माण झालेल्या त्या यंत्राने दातेरी चाकांपासून नानाविध अवघड कामे अंगावर घेतली. पुढे 1938 साली कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम यांनी, ज्याचे डोके हव्या त्या कोनात कलविता येते, असे उभे यंत्र बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे 900 किलो. कारखानदाराच्या हिशेबी ही किरकोळ चीज. परंतु ज्याला ती स्वतःच्या पडवीत न्यावयाची आहे, त्याच्या हिशेबी तो एक लहानसा डोंगरच.

आपल्या देशात ही यंत्रे प्रथम रेल्वेच्या, दारूगोळ्याच्या आणि कापडगिरण्यांच्या कारखान्यांत परदेशातून येऊन पोहोचली. नव्या यंत्राची किंमत मोठ्या भांडवलालाच झेपणारी असल्यामुळे लहान कारागिराच्या वाट्याला येई ते मोठ्यांनी उतरविलेले यंत्र. जुने लोखंड आणि स्थलांतर यांचा आमच्या उद्योगाशी असलेला संबंध किती निकटचा आहे, याचे एक उदाहरण सर्वविदित आहे. बेळगावात लोखंडी नांगर घडविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तारयोजनेत गेली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1910 साली कुंडल रोड स्थानकालगतची 32 एकर माळजमीन त्यांस दिली. बेळगाव आणि कुंडल रोड एकाच मीटर गेज लोहमार्गावर असले, तरी उभा कारखाना मोडून, त्यातील प्रत्येक यंत्र सोडवून, ते निवडुंगाच्या माळावर पुन्हा पाणसळीत बसविणे हे नवा कारखाना घालण्याइतकेच दुर्घट होते; आणि त्या माळाची पुढे किर्लोस्करवाडी झाली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा त्यांस वितळविण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले.

दुसऱ्या महायुद्धात यंत्रहत्यारांची टंचाई इतकी विकोपास गेली की 1941 साली हिंदुस्थान सरकारने नियंत्रणाचा हुकूम काढून त्यांची आयात, उत्पादन आणि विक्री परवान्याच्या कक्षेत आणली. युद्ध संपताच चक्र उलट फिरले, आणि लष्कराने जमविलेला माल लिलावांच्या वाटेने नागरी बाजारात उतरू लागला. 1953 साली बंगलोरमध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना होऊन स्वदेशी यंत्रांचा पाया घातला गेला, तरी जुन्याचा बाजार ओसरला नाही. मुंबईत दारूखान्याच्या भंगारपेठेत, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मोडक्या व्हाइसपासून मायक्रोमीटरपर्यंत सर्व काही हातोहात फिरत राहिले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या संपानंतर एकामागून एक कापडगिरण्या बंद पडत गेल्या, आणि ज्या मेकॅनिक शॉपमध्ये सुटे भाग घडवून शेकडो माग चालते ठेवले जात, त्यांतील लेथ आणि मिलिंग मशीनेही यथाकाल भंगारवाल्यांच्या हाती गेली. तेथून बयाणा देऊन यंत्र उचलणारा मनुष्य पुष्कळदा त्याच खात्यात हयात घालविलेला फिटर असे.

असे यंत्र पाहावयास गेलेल्या जाणत्या मिस्त्रीची दृष्टी प्रथम रंगावर जात नाही, कारण रंग आदल्या रात्रीचाही असू शकतो. तो मेजाचे चक्र एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवितो, आणि मेज हलण्यापूर्वी चक्र किती रिकामे फिरते ते आकड्यांवर मोजतो. मग मेज बाजूला सारून तो स्लाइडवर बोट फिरवितो. खवणीने उठविलेली चंद्रकोरींची नक्षी टोकाशी शाबूत आणि मध्यभागी पुसून गेलेली असली, म्हणजे या यंत्राने आयुष्यभर लहान कामेच केली, हे त्यास कळते. विक्रेता तोंडाने काय सांगतो, याला यापुढे फारसे महत्त्व राहत नाही.

सौदा पटल्यावर वाहतुकीचा अध्याय सुरू होतो. पूर्वी तो हुंडेकऱ्याच्या अडत्यापासून आरंभ होई आणि जकात नाक्यावर अडे. जुन्या यंत्राची खरी किंमत पावतीवरची की नाकेदाराच्या डोळ्यांतली, हा वाद तेथे रंगे. मुंबईची जकात 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली आणि हा वादही इतिहासजमा झाला. उचलण्याची विद्या मात्र तीच आहे. अवजड वस्तू हलविणाऱ्या मजुरास खलाशी म्हणतात. शब्द मूळचा जहाजावरचा, आणि दोर व कप्पी यांचे ज्ञानही तेथलेच. माझे यंत्र हलवावयास आलेल्या वृद्ध खलाशाने प्रथम मेज मध्यावर आणून जखडले, मेज पेलणारी 'नी' तळापर्यंत उतरविली आणि यंत्राचे डोके उलटे फिरवून खाली लोंबते केले. माथा जड असलेली वस्तू वळणावर कलंडते, म्हणून भार जितका खाली तितका बरा. मग पहारीने एक बाजू तसूभर उचलून त्याने खाली लोखंडी नळ सरकविला, पुढे दुसरा, त्यापुढे तिसरा; मागून मोकळा झालेला नळ पुन्हा पुढे, अशा रीतीने ते 900 किलोंचे धूड चौघांच्या "हैश्शा"च्या तालावर चालू लागले. "साहेब, हात लावू नका," एवढेच तो मला दोनदा म्हणाला. तिसऱ्या वेळी, फाटकाशी, मी हात लावलाच. यंत्र वीतभर तिरके झाले आणि मेजाच्या चक्राची मूठ दगडी खांबाला लागून वाकली. तो काही बोलला नाही. त्याने पहार पुन्हा घातली.

ती मूठ मी सरळ करून घेतली नाही. मधल्या झिजेचेही तेच झाले: मळसूत्राचा नट मध्यभागासाठी आवळावा तर मेज दोन्ही टोकांशी अडकते, आणि टोकांसाठी सैल ठेवावा तर मध्यभागी चक्र रिकामे फिरते. तेव्हा बारीक काम असले की मी व्हाइस मेजाच्या डाव्या टोकाला बांधतो. पहिल्या तिन्ही धन्यांनी जे टोक फारसे वापरले नाही, तेथे चंद्रकोरी अद्याप स्पष्ट दिसतात, आणि अलीकडे त्यांतील काही पुसट होऊ लागल्या आहेत.