महाबळेश्वरची वाट

वैशाखात मुलाबाळांसह महाबळेश्वर गाठण्याची जी तजवीज आज मुंबई-पुण्याचे कुटुंब मोटारीच्या भरवशावर सहज करते, तिच्या मुळाशी १८२९ सालचा एक तहनामा आहे: त्या अन्वये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी वाईकडील खंडाळा गावाच्या मोबदल्यात हा डोंगरमाथा कंपनी सरकारच्या स्वाधीन केला, आणि तेथे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाची पेठ वसली. ज्या छत्रपतींच्या औदार्याने हे सारे घडले, त्यांना त्याच सरकारने १८३९ साली पदच्युत करून काशीस धाडावे, हा अन्याय विसरू म्हटल्याने विसरता येत नाही. पेठेच्या तुरुंगातील चिनी कैद्यांनी येथे भाजीपाल्याचे मळे फुलविले, त्यांचीही आठवण क्वचितच निघते.

पुढे आगगाडी झाली, तरी ती वाठारपर्यंतच. तेथून ट्रंका, वळकट्या आणि फराळाचे डबे टांग्यांत लादून, वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढावयाचा, वाटेत दमलेली घोडी सोडून ताजी जोडावयाची, असा तो प्रवास असे. परतीची तिथीही आधीच मुक्रर करावी लागे, कारण वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या त्या माथ्यावर मृगाच्या सरी कोसळू लागण्यापूर्वी बंगले गवताने शाकारून बिऱ्हाडे खाली उतरत.