मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतील चित्रकार

ट्रान्सव्हालमधील रुस्टेनबर्ग या गावी मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत १९२४ साली एक अठरा वर्षांचा कारकून रुजू झाला. वॉल्टर बॅटिस हे त्याचे नाव. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांचे राज्य त्या काळी कागदाच्या बळावर चाले. परवाना, दाखला, समन्स, दंडाची पावती. काळ्या माणसाने कोठे राहावे आणि कोणत्या रस्त्याने जावे, हेही कागदच ठरवी. याच ट्रान्सव्हालमध्ये अवघ्या सोळा वर्षांपूर्वी बॅरिस्टर गांधींच्या नेतृत्वाखाली हिंदी लोकांनी आपले नोंदणीचे दाखले जाहीरपणे जाळले होते, हे येथे आठवावे.

बॅटिसचा जन्म ६ जानेवारी १९०६ रोजी केप प्रांतातील सॉमरसेट ईस्ट या गावी एका इंग्रज कुटुंबात झाला. अकरा वर्षांचा असताना कुटुंब कॉफीफाँटेन या हिऱ्यांच्या खाणीच्या गावी गेले. तेथे विल्यम फाउलर नावाच्या जाणत्या गृहस्थाने या मुलाला माळावरच्या खडकांवरील प्राचीन चित्रे दाखविली. ती पाहिली आणि मुलाचे आयुष्य ठरून गेले. पोटासाठी मात्र कचेरी धरावी लागली. नोकरी सांभाळून त्याने १९२९ पासून जोहान्सबर्गला चित्रकलेचे शिक्षण घेतले, मग शिक्षकाची पदविका मिळविली, आणि कलेतील पदवी हाती आली तेव्हा वयाची पस्तिशी आली होती. पुढे प्रिटोरियाच्या मुलांच्या शाळेत त्याने जवळजवळ तीस वर्षे चित्रकला शिकविली.

१९३८ साली ‘न्यू ग्रुप’ हा चित्रकारांचा संघ स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांत युरोपात न शिकलेला बॅटिसच होता. इतरांनी पॅरिस-लंडनकडे पाहावे, याने खडकांकडे. ती चित्रे सान लोकांची. गोरे त्यांना बुशमन म्हणत. अठराव्या शतकात वसाहतवाल्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी या लोकांना श्वापदांप्रमाणे टिपून मारले होते आणि त्यांची मुले गुलामासारखी राबविली होती. अशा लोकांना कला असू शकते, हेच पुष्कळांना पटत नसे. बॅटिसने गुहा-गुहा हिंडून चित्रांच्या नकला उतरविल्या, १९३९ साली त्यांवर पहिले पुस्तक काढले आणि त्यांचे कर्ते हे श्रेष्ठ कलावंत होते, असे स्पष्ट सांगितले. त्याची दृष्टी चित्रकाराची होती. त्या हरणांमागे सान लोकांचा कोणता धर्मभाव आहे, हे उलगडून दाखविण्याचे काम १९८० च्या सुमारास डेव्हिड लुइस-विल्यम्स यांसारख्या संशोधकांनी केले. तथापि आदर प्रथम यावा लागतो. अर्थ मागाहून आला तरी चालतो.

१९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशवार नोंद झाली. १९५२ पासून सोळा वर्षांवरील प्रत्येक काळ्या माणसाच्या खिशात पासाचे पुस्तक आले. ते जवळ नसले की तुरुंग. देश असा कागदांत जखडलेला असताना, १९७० नंतरच्या दशकात, बॅटिसने एक विलक्षण उद्योग मांडला. सेशेल्ससारखी बेटे पाहून आलेल्या या प्राध्यापकाने ‘फूक’ नावाचे एक बेट कल्पिले आणि स्वतःला तेथला राजा तिसरा फर्ड म्हणविले. नॉर्मन कॅथरिन हा तरुण चित्रकार त्याचा साथीदार झाला. बेटाला नकाशा मिळाला, इतिहास मिळाला, स्वतंत्र लिपी मिळाली. पण खरी गंमत पुढेच आहे. बेटाची टपाल तिकिटे निघाली, चलनी नोटा निघाल्या, मोटार चालविण्याचे परवाने आणि पासपोर्टही निघाले! त्या पासपोर्टावर खऱ्याखुऱ्या देशांच्या अधिकाऱ्यांनी शिक्के मारून दिले, असे सांगतात.

पुष्कळांनी याला म्हाताऱ्याचा पोरखेळ म्हटले. पण शिक्क्याचे वजन किती आणि शिक्का मारणाऱ्या हाताचे किती, हे कचेरीच्या टेबलापाशी बसलेल्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? तुरुंगात गेलेल्यांच्या लढ्याशी या विनोदाची बरोबरी करता येणार नाही, हेही तितकेच खरे. बॅटिस सभेत उभा राहिला नाही. त्याने फक्त सरकारी कागदाची नक्कल केली आणि लोकांना हसविले.

१९८१ साली जन्मगावी त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. ज्या इमारतीत त्याच्या कुटुंबाने एके काळी हॉटेल चालविले होते, तीतच त्याची चित्रे लागली. पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट १९८२ रोजी, पोर्ट शेपस्टन येथे हृदयविकाराने त्याचा अंत झाला.