पोटातली स्क्रिप्ट आणि मूळ डेटा: एका जोडणीचा इतिहास

मोठा प्रोग्राम सी किंवा सी++ मध्ये लिहायचा आणि त्याच्या पोटात एक छोटी स्क्रिप्ट भाषा बसवायची, ही पद्धत 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस रुळू लागली. वेगाचे काम मूळ भाषेकडे राहते, वारंवार बदलणारे काम स्क्रिप्टकडे जाते. एखादा आकडा इकडून तिकडे देणे सोपे आहे. अवघड जाते ती एकात एक बसवलेली रचना. समजा, विमानाच्या स्ट्रक्टमध्ये स्थानाचा स्ट्रक्ट आहे आणि त्यात उंची आहे. स्क्रिप्टमधले ‘विमान.स्थान.उंची = 500’ हे वाक्य दोन टप्प्यांत चालते: आधी स्थान मिळवायचे, मग त्यातली उंची बदलायची. पहिल्या टप्प्यात स्थानाची प्रत हाती आली, तर बदल त्या प्रतीत होतो आणि मूळ विमान होते त्याच उंचीवर राहते. प्रतीऐवजी मेमरीतला पत्ता दिला, तर विमान नष्ट झाल्यावरही स्क्रिप्ट तो पत्ता वापरू शकते आणि सगळा प्रोग्राम कोसळू शकतो. या पेचातून निघालेल्या वाटांचा हा इतिहास आहे.

पहिली मोठी वाट नावांची होती. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांनी 1988 मध्ये टीसीएल ही भाषा घडवायला घेतली. सर्किट आरेखनाच्या प्रत्येक साधनासाठी वेगळी, तोकडी आज्ञाभाषा लिहावी लागत होती. ती पुनरावृत्ती त्यांना टाळायची होती. टीसीएलमध्ये प्रत्येक मूल्य म्हणजे मजकूर. त्यामुळे मूळ रचना स्क्रिप्टला कधी दिसतच नसे, दिसे ते फक्त तिचे नाव. टीके या सोबतच्या संचात खिडकीतल्या चौकटीला आणि चौकटीतल्या बटणाला ‘.चौकट.बटण’ अशा धर्तीची मार्गनावे मिळत आणि तेच नाव आज्ञा म्हणून चाले. चौकट नष्ट झाली की आतले बटणही जाई आणि त्याची आज्ञाही रद्द होई. जुने नाव वापरणाऱ्या स्क्रिप्टला त्रुटीचा संदेश मिळे, प्रोग्राम मात्र शाबूत राही. किंमत होती ती वेगाची, कारण मजकुराचे पुन्हापुन्हा रूपांतर करावे लागे.

दुसरी वाट ब्राझीलमध्ये निघाली. रिओ येथील पीयूसी विद्यापीठात टेकग्राफ हा गट 1987 पासून पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी सॉफ्टवेअर करत होता. संगणक क्षेत्रातील आयातीवरील निर्बंधांमुळे घरची साधने बनवण्याची सवय तिथे रुजली होती. माहिती भरण्यासाठी केलेली डीईएल आणि अहवालांसाठी केलेली एसओएल या दोन छोट्या भाषांच्या अनुभवातून रोबेर्तो येरुसालिम्स्की, लुईस एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी 1993 मध्ये लुआ तयार केली. तिच्यात यूजरडेटा नावाचा प्रकार सुरुवातीपासून होता, पण तो केवळ सीचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता होता. त्याच्या आत डोकावण्याची सोय नव्हती. ती 1995 च्या 2.1 आवृत्तीत आली. टेबल नसलेल्या मूल्याचे क्षेत्र कोणी मागितले, तर मूळ प्रोग्रामने आधी नेमून दिलेले फंक्शन चालू लागले. हे फंक्शन सगळ्यांसाठी एकच होते. 1997 च्या 3.0 मध्ये प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र फंक्शने मिळाली आणि 2003 च्या 5.0 मध्ये त्यांची जागा मेटाटेबलने, म्हणजे अशी फंक्शने नोंदवणाऱ्या टेबलने घेतली. आता ‘विमान.स्थान’ असे मागितल्यावर स्थानाचा एक प्रतिनिधी परत देता येऊ लागला. त्याला स्वतःचे मेटाटेबल असल्यामुळे उंचीतला बदल थेट मूळ मेमरीत पोहोचे.

प्रत्येक स्ट्रक्टसाठी अशी फंक्शने हाताने लिहिणे कंटाळवाणे आणि चुकांना वाव देणारे होते. लॉस अलामोस प्रयोगशाळेत रेणूंच्या हालचालींच्या गणनेवर काम करताना डेव्हिड बीझली यांनी 1995 मध्ये स्विग हे साधन लिहायला घेतले आणि 1996 मध्ये ते खुले केले. सीमधल्या घोषणा वाचून स्विग जोडणीचा कोड आपोआप तयार करते. आतला स्ट्रक्ट मागितला की ते त्याचा पॉइंटर देते आणि पॉइंटरसोबत त्याचा प्रकारही नोंदवते, त्यामुळे चुकीच्या जागी दिलेला पॉइंटर ओळखता येतो. लुआसाठी असेच काम सेलेस यांच्या टोलुआने केले.

मालकीचा प्रश्न मात्र उरलाच. वाडा पाडल्यावर आतल्या खोलीची किल्ली जशी निरुपयोगी, तसाच बाहेरची रचना गेल्यावर आतला पॉइंटर. ब्राउझरमध्ये याच प्रश्नाची उलट बाजू दिसली. इंटरनेट एक्स्प्लोरर 6 मध्ये पानाचे घटक संदर्भमोजणीने सांभाळले जात, तर त्याच्या जेस्क्रिप्ट या स्क्रिप्ट भाषेतल्या वस्तू वापरात नसलेली मेमरी परत घेणाऱ्या गार्बेज कलेक्टरकडे असत. घटकाने फंक्शनला आणि फंक्शनने घटकाला धरून ठेवले की दोन्ही व्यवस्थांना ती साखळी सोडवता येत नसे आणि मेमरी अडकून पडे.

लुआमध्ये यावर साधा उपाय रूढ झाला: आतल्या प्रतिनिधीने बाहेरच्या मालकाचा संदर्भ स्वतःजवळ ठेवायचा, म्हणजे प्रतिनिधी वापरात असेपर्यंत कलेक्टर मालकाला हात लावत नाही. 2015 च्या 5.3 आवृत्तीत यूजरडेटासोबत कोणतेही एक लुआ मूल्य बाळगता येऊ लागले आणि 2020 च्या 5.4 मध्ये अशी अनेक मूल्ये. माइक पॉल यांच्या लुआजिटने 2011 मध्ये सीच्या घोषणा स्क्रिप्टमध्येच लिहिण्याची सोय दिली. तिथे आतल्या स्ट्रक्टपर्यंतची वाट अतिशय वेगवान आहे, पण मालकाला जिवंत ठेवण्याची जबाबदारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावरच राहते.

नाव, प्रत, पॉइंटर आणि प्रतिनिधी हे चारही मार्ग आज वापरात आहेत. छोट्या, न बदलणाऱ्या मूल्यासाठी प्रत पुरते. बदलत्या, खोल रचनेसाठी मालकाला धरून ठेवणारा प्रतिनिधीच सर्वांत भरवशाचा ठरला आहे. कोणताही मार्ग निवडला, तरी मेमरीची मालकी कोणाकडे हे जोडणीचा कोड लिहिण्याआधीच ठरवावे लागते.