अन्वादेश : पूर्वोक्ताच्या पुनर्निर्देशाचा विचार

‘नामाऐवजी येणारा शब्द ते सर्वनाम’ ही व्याख्या मराठी शालेय व्याकरणांत रूढ आहे. ग्रीक व लॅटिन व्याकरणांतील संज्ञांचा अर्थही हाच. अष्टाध्यायीत मात्र ‘सर्वनाम’ ही ‘सर्व’ आदी शब्दांच्या गणाला दिलेली संज्ञा असून (१.१.२७) तीत प्रतिनिधित्वाची अट नाही. पूर्वोक्ताच्या पुनर्निर्देशाचा विचार पाणिनीने स्वतंत्रपणे केला, आणि त्यास ‘अन्वादेश’ असे नाव आहे.

अन्वादेशात तृतीयेपासून पुढील विभक्तींत ‘इदम्’ला अनुदात्त ‘अ’ हा आदेश होतो (२.४.३२), द्वितीयेत, तृतीयेच्या एकवचनात आणि षष्ठी-सप्तमीच्या द्विवचनात ‘इदम्’ व ‘एतद्’ यांच्या स्थानी ‘एन’ येतो (२.४.३४). ‘अनेन बालकेन पाठः पठितः, एनं भोजय’ या वाक्यांत बालकाचा प्रथम निर्देश ‘अनेन’ने, तर द्वितीय ‘एनं’ने झाला आहे. ‘अस्मै’सारख्या रूपांत मात्र वर्ण तेच राहून केवळ स्वर बदलतो.

पुढील प्रश्न वार्तिककार कात्यायनाने उपस्थित केला. ‘देवदत्ताला जेवू घाल, आणि यालाही’ असे दुसऱ्याच व्यक्तीस उद्देशून म्हटल्यास तो अन्वादेश नव्हे. दोन्ही निर्देशांचा विषय एकच हवा. तथापि प्रथम निर्देश ‘इदम्’नेच झाला पाहिजे असा निर्बंध नाही, कथिताचे अनुकथन एवढेच पुरे, असे पतंजलीच्या भाष्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे ऐक्य शब्दाचे नसून अर्थाचे आहे.

इ. स. च्या २ ऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अपोलोनिअसने सर्वनामांचा प्रत्यक्ष दर्शन व पूर्वोक्ताचा निर्देश असा भेद केला, आणि दुसऱ्यास ‘द्वितीय ज्ञान’ मानले. त्याचा आरंभ ज्ञानाच्या क्रमापासून होतो, पाणिनीचा रूप व स्वर यांपासून. परंतु दोघेही ज्ञात वस्तूच्या पुनरुल्लेखापाशीच येऊन ठेपतात.

उत्तरकालीन संस्कृतात स्वर लोपला. तेव्हा ‘अस्मै’चा भेद श्रवणातून गेला आणि ‘एन’ हीच अन्वादेशाची दृश्य खूण उरली. मराठीत तीही नाही. ‘तो पाहा’ यातील ‘तो’ आणि ‘भाऊ आला, तो दमला होता’ यातील ‘तो’ रूपाने एकच आहेत. पहिल्याच्या मागे कोणतेही नाम नाही, त्यामुळे रूढ व्याख्या त्यास लागू पडत नाही. ‘भाऊ आला आणि जेवला’ येथे तर सर्वनामाविनाच पुनर्निर्देश सिद्ध होतो. मराठी सर्वनामांचे विवेचन करताना ‘कोणत्या नामाऐवजी?’ या प्रश्नाआधी ‘प्रथम निर्देश की अनुकथन?’ हा प्रश्न विचारणे म्हणूनच अधिक युक्त होय.