फसलेल्या विहिरीचं कर्ज

आइसलँडच्या राजधानीचं नाव रेक्याविक, म्हणजे धुराची खाडी. पहिल्या वसाहतकऱ्यांना दिसलेला तो धूर म्हणजे गरम झऱ्यांची वाफ होती, असं मानतात. पुढे शहरातल्या बायका धुण्याची गाठोडी घेऊन सुमारे 3 किलोमीटर चालत याच झऱ्यांवर जात. बर्फातून, बोचऱ्या वाऱ्यातून. 1930 साली तेच पाणी नळाने शहरात आलं: आधी एका शाळेत, मग इस्पितळात आणि साठेक घरांत.

तरी पुष्कळ गावं कोळसा आणि पुढे तेल जाळतच राहिली. अडचण पैशांची होती. खोल विहीर खणायची आणि गरम पाणी लागलंच नाही तर? लहान नगरपालिकेचं कंबरडंच मोडायचं. आइसलँडच्या सरकारने 1967 मध्ये ऊर्जा निधी उभारला. त्यातून खोदाईला कर्ज मिळे आणि विहीर फसली तर ते अनुदानात बदलता येई. अपयशाचा भार सरकारने उचलला, हे या योजनेचं मोठेपण.

1973 मध्ये तेलाचे भाव भडकले आणि खोदाईने वेग घेतला. आज तिथल्या दहांपैकी सुमारे नऊ घरांत भूगर्भातली ऊब आहे.