डोकेदुखीचे विकार आणि शरीरातील नैसर्गिक अफूसदृश द्रव्ये : एका गृहीतकाचा इतिहास

प्रस्तावना

डोकेदुखी हा मानवी इतिहासातील अतिशय जुना विकार होय. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांमध्ये ‘अर्धावभेदक’ या विकाराचा समावेश आहे. मराठीत तो ‘अर्धशिशी’ या नावाने परिचित आहे. ग्रीक वैद्य गॅलेन याने वापरलेल्या ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे अर्धे डोके, या शब्दापासून ‘मायग्रेन’ हे नाव रूढ झाले. आजार इतका जुना असला, तरी अर्धशिशीच्या रुग्णाकडे दाखविण्यासारखे काही नसते. जखम नाही, सूज नाही, ताप नाही. त्यामुळे त्याच्या वेदनेवर घरच्यांनी आणि प्रसंगी वैद्यांनीही अविश्वास दाखविला. १९७० च्या दशकात मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो हे सिद्ध झाले आणि या अदृश्य वेदनेला रासायनिक आधार मिळण्याची आशा निर्माण झाली. ‘ही द्रव्ये कमी पडतात म्हणून डोके दुखते’ या गृहीतकाचा उदय, त्याची कसोटी व त्याचा फेरविचार यांचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अफूपासून एन्डॉर्फिनपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधनिर्माता फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर याने अफूपासून मॉर्फिन वेगळे केले. १८५३ मध्ये एडिंबरो येथील अलेक्झांडर वुड यांनी सुईद्वारे औषध टोचण्याची पद्धत अवलंबिली आणि मॉर्फिनचा उपयोग मज्जातंतूंच्या वेदनेसाठी केला. मॉर्फिनने वेदना शमते हे सर्वज्ञात होते. ती का शमते, हा प्रश्न मात्र शतकभर अनुत्तरित राहिला.

१९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतील विशिष्ट भागास विजेचे सौम्य उद्दीपन दिले, तेव्हा भूल न देताही शस्त्रक्रिया करता आली. मेंदूत वेदना दाबणारी यंत्रणा असल्याचे यावरून सूचित झाले. १९७३ मध्ये अमेरिकेतील कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि स्वीडनमधील लार्स टेरेनियस यांनी मेंदूत अफूजन्य द्रव्यांसाठी रिसेप्टर असल्याचे स्वतंत्रपणे दाखविले. साहजिकच पुढचा प्रश्न निर्माण झाला. खसखशीच्या झाडातील द्रव्यासाठी मानवी मेंदूत कुलूप का असावे? कुलूप असेल, तर शरीराची स्वतःची किल्लीही असली पाहिजे.

ही किल्ली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे सापडली. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून तेथे स्थायिक झालेले हान्स कॉस्टरलिट्झ आणि त्यांचे तरुण सहकारी जॉन ह्यूज यांनी डुकरांच्या मेंदूंपासून अर्क तयार केला. हा अर्क प्राण्यांच्या आतड्याच्या तुकड्यावर मॉर्फिनसारखा परिणाम करतो आणि नॅलॉक्सोन या विरोधी औषधाने तो परिणाम नाहीसा होतो, असे त्यांनी दाखविले. १९७५ मध्ये त्यांनी प्रत्येकी पाच अमिनो आम्लांच्या दोन ‘एन्केफॅलिन’ पेप्टाइडांची रचना प्रसिद्ध केली. १९७६ मध्ये चो हाओ ली यांनी उंटाच्या पीयूषिका ग्रंथीपासून ३१ अमिनो आम्लांचे बीटा-एन्डॉर्फिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स यांनी दात काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. औषधरहित उपचाराने मिळणारा आराम नॅलॉक्सोनने रोखला जातो, असे त्यात आढळले. रुग्णाच्या केवळ ‘मनाचा खेळ’ समजल्या जाणाऱ्या गोष्टीमागेही रसायनशास्त्र असू शकते, हा या प्रयोगाचा दूरगामी अर्थ होता.

फ्लॉरेन्सचे गृहीतक

डोकेदुखीच्या क्षेत्रात तोवर हॅरोल्ड वुल्फ यांच्या रक्तवाहिनी सिद्धांताचा प्रभाव होता. त्यांनी ग्रॅहम यांच्यासह १९३८ मध्ये अर्गोटामाइनचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम अभ्यासला होता. इटलीतील फ्लॉरेन्स येथील फेडेरिगो सिकुटेरी यांनी मात्र लक्ष मेंदूतील रसायनांकडे वळविले. अर्धशिशीच्या झटक्यात सेरोटोनिनच्या विघटनातून होणारे द्रव्य लघवीत वाढते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये नोंदविले होते.

एन्डॉर्फिनच्या शोधानंतर सिकुटेरी यांच्या निदर्शनास एक साम्य आले. मॉर्फिनची सवय असलेल्या व्यक्तीने ते अचानक बंद केल्यास मळमळ, उलट्या, चिडचिड व वेदनेची तीव्र जाणीव ही लक्षणे उद्भवतात. अर्धशिशीच्या झटक्यातही अशीच लक्षणे दिसतात. यावरून, अर्धशिशी ही शरीराच्या स्वतःच्या अफूचा तुटवडा पडल्याची अवस्था असावी, असे त्यांनी सुचविले. फ्लॉरेन्सच्या गटाने १९८० मध्ये रुग्णांच्या मेंदू व पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात ही द्रव्ये कमी आढळल्याचे प्रसिद्ध केले. डोकेदुखीचा रुग्ण ढोंगी नसून त्याची वेदनाशामक यंत्रणा दुबळी आहे, असे सांगणारा हा विचार त्या काळात महत्त्वाचा ठरला.

गृहीतकाची कसोटी

पुढील दशकात विविध प्रयोगशाळांनी मोजमापे केली. परंतु निष्कर्ष जुळले नाहीत. रक्तातील बीटा-एन्डॉर्फिन कोठे कमी, कोठे सर्वसाधारण, तर कोठे वाढलेले आढळले. याचे एक कारण मोजमापातच होते. रक्तातील बीटा-एन्डॉर्फिन मुख्यतः पीयूषिका ग्रंथीतून येते आणि ताणाच्या प्रसंगी वाढते. ते मेंदूत सहजासहजी शिरत नाही. म्हणून रक्तातील प्रमाणावरून मेंदूतील स्थितीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

दरम्यान मध्यमेंदूतील वेदनानियंत्रण केंद्राविषयी वेगळाच पुरावा पुढे आला. रास्किन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अन्य वेदनांसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसविलेल्या १७५ रुग्णांचा अहवाल दिला. त्यांपैकी १५ जणांना अर्धशिशीसारखी डोकेदुखी सुरू झाली होती. १९९५ मध्ये वायलर व सहकाऱ्यांना झटक्याच्या वेळी मस्तिष्कस्तंभ सक्रिय झालेला दिसला. पुढे मिशिगन विद्यापीठातील डासिल्वा व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये झटका चालू असतानाच रुग्णांच्या मेंदूतील अफू-रिसेप्टरांची प्रतिमा घेतली. मेंदूच्या पुढील भागात त्यांनी दिलेले किरणोत्सारी द्रव्य रिसेप्टरांना कमी प्रमाणात चिकटले. शरीराची स्वतःची द्रव्ये तेथे आधीच पोहोचल्याचे हे लक्षण असावे, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणजे झटक्याच्या वेळी यंत्रणा रिकामी नसते. ती झुंजत असते, परंतु तिचे प्रयत्न अपुरे पडतात.

बाहेरून पुरवठ्याचा प्रश्न

तुटवड्याच्या गृहीतकात एक मोह दडलेला होता. इन्शुलिन कमी पडल्यास ते टोचावे, त्याचप्रमाणे एन्डॉर्फिन कमी पडल्यास अफूजन्य औषध द्यावे, असा हा मोह होय. मात्र दोन्ही बाबींत मूलभूत फरक आहे. नैसर्गिक पेप्टाइडे नेमक्या जागी, क्षणभरासाठी स्रवतात व लगेच विघटित होतात. बाहेरून घेतलेले औषध सर्वत्र पसरते व तासन्‌तास टिकते. परिणामी रिसेप्टरांचा प्रतिसाद मंदावतो आणि वेदनामार्ग अधिक संवेदनशील बनू शकतात. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणाच्या २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीनुसार, आधीच डोकेदुखीचा विकार असलेल्या व्यक्तीने तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातील दहा किंवा अधिक दिवस अफूजन्य औषधे घेतल्यास औषधाच्या अतिवापरातूनच डोकेदुखी जडू शकते. उपचारांत खरी प्रगती अन्य मार्गांनी झाली. १९९१ मध्ये सुमाट्रिप्टान वापरात आले आणि २०१८ मध्ये सीजीआरपी या पेप्टाइडाच्या कार्यास अटकाव करणाऱ्या प्रतिपिंडांना मान्यता मिळू लागली.

निष्कर्ष

१) शरीरातील अफूसदृश द्रव्यांच्या शोधामुळे डोकेदुखीचा विचार रक्तवाहिन्यांपुरता मर्यादित न राहता मेंदूच्या वेदनानियंत्रणापर्यंत विस्तारला.

२) ‘तुटवडा’ हे गृहीतक त्याच्या मूळ साध्या स्वरूपात टिकले नाही, तथापि त्यातून निर्माण झालेले प्रश्न फलदायी ठरले.

३) शरीरात एखादे द्रव्य आहे, म्हणून तत्सम औषध बाहेरून देणे हितकारक ठरेलच असे नाही. डोकेदुखीच्या बाबतीत ते अपायकारक ठरू शकते.

४) या इतिहासाचा सर्वांत मोलाचा वारसा औषध हा नसून रुग्णावरील विश्वास हा आहे. ज्या वेदनेची खूण शरीरावर दिसत नाही, तीही खरी असते, हे या संशोधनाने वैद्यकास मान्य करावयास लावले.