आपल्या पत्त्यातली बाई

पंचवीस वर्षं आपण सगळे पत्त्यात ‘एल. जे. रोड, माहीम’ लिहितो. “आजी, एल. जे. म्हणजे कोण?” असं नातवाने विचारलं आणि माझी पंचाईत झाली. मग माहिती काढली, आणि एका रविवारी डबे बांधून घरचे सहाही जण निघालो.

पहिला मुक्काम माहीमची खाडी. अलीकडे मुंबई, पलीकडे साष्टी बेटावरचं वांद्रे. एकेकाळी मधे रस्ता नव्हता, होडीनेच जायचं. पावसाळ्यात खाडी खवळली की होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. पूल बांधा म्हणून मागणी झाली, पण कंपनी सरकार पैसे खर्च करेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई जमशेटजी पुढे आल्या. त्यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. अट एकच: येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. 1843 साली काम सुरू झालं, 1845 साली माहीम कॉजवे खुला झाला. त्याच लेडी जमशेटजी म्हणजे आपल्या पत्त्यातल्या ‘एल. जे.’!

पुढे 1860च्या दशकात रेल्वे आली, तिचाही पूल याच खाडीवर. आम्ही कॉजवेवरून चालत वांद्र्याला गेलो आणि रेक्लमेशनला बसून डबे उघडले. समोर 2009 सालचा सी-लिंक, साडेपाच किलोमीटरचा. नातू म्हणाला, “तिकडे टोल, मग इकडे फुकट कसं?” म्हटलं, “एका बाईने सगळ्यांचा टोल आधीच भरून ठेवलाय.”

हे ऐकून आमचे ‘हे’ एकदम गप्प झाले. 26 जुलै 2005 आठवत असेल सगळ्यांना. मिठी नदी फुगलेली, लोकल बंद, फोन लागत नव्हते. हे अंधेरीहून पाण्यातून चालत निघाले होते. खाली गेटपाशी आपण सगळ्या जणी मेणबत्त्या घेऊन उभ्या होतो, एकमेकींना धीर देत. रात्री दोन वाजता हे आले, ते याच कॉजवेवरून. तेव्हा मला फक्त माणूस घरी आल्याचा आनंद होता. वाट कुणी बांधली, हे मनातही आलं नव्हतं.

परतताना सगळे दमले होते. नातवाने मात्र घरी येताच वहीवर पत्ता नव्याने लिहिला: ‘लेडी जमशेटजी रोड, माहीम’. पूर्ण नाव. आता मीही तसाच लिहिते. तुम्हीही लिहून बघा.